उसना

पेन्टीने माझ्या पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली:
"छापील खाली, ई-पुस्तकं वर. रविवारी. दोन आलेख."
बाहेर दुपारी अडीचलाच दिवस मावळला होता,
आखातावर बर्फाची पहिली साय.

मी ग्रंथालयाची फाईल उघडली.
सहा वर्षं, चार लाख ओळी.
ओळीला नाव नाही; पिनकोड, तारीख, तास,
आणि शेवटी एकच अक्षर:
क कागदाचा, प पडद्याचा, आ आवाजाचा.

पहिला आलेख आज्ञाधारक निघाला.
क उतरत गेला, गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तसा,
पायरीपायरीवर थांबत.
प चढला.
झालं की, पेन्टी म्हणाला आणि कोट घालून गेला.

पण मागच्या नोव्हेंबरात प धाडकन कोसळला होता,
आणि मी तिथंच अडकले,
स्वेटरचा धागा खिळ्याला अडकावा तशी.
वाचक कंटाळले? पैसे संपले? फोन बिघडले?
शेवटी उल्ला-माइयाला विचारलं. ती काउंटरवर एकतीस वर्षं.
"कुणी नाही गं गेलं," ती म्हणाली.
"प्रकाशकांशी करार संपला. नऊशे पुस्तकं एका रात्रीत गेली,
आणि एका फळीवरची धूळसुद्धा हलली नाही."

समासात मी लिहिलं, प्रत्येक उतार हा उतार नसतो.
मग खोडलं. फार शहाणं वाटत होतं.

शाळेत वजाबाकी शिकवताना बाई म्हणायच्या,
वरचा आकडा कमी पडला की शेजारच्या घरातून
एक दशक उसना घ्यायचा.
परत कधी करायचा, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मग ओळी तासांप्रमाणे रचल्या.
आ. रात्री दोन ते चार.
सपाट माळावर एकाच पिनकोडात एक टेकाड.
मला वाटलं सर्व्हरचं घड्याळ चुकलंय,
उन्हाळी वेळ, हिवाळी वेळ, काहीतरी.
दोनदा तपासलं. टेकाड जागचं हललं नाही.
तो पिनकोड कागद गिरणीच्या वसाहतीचा.
गिरणी बंद होऊन तिसरं वर्ष.

सहा दारं वाजवली. सातवं ओस्मोने उघडलं.
"वेळ झाली की डोळा उघडतो," तो म्हणाला.
"रातपाळी, छत्तीस वर्षं.
गिरणी बंद झाल्याचं अंगाला अजून कुणी कळवलेलं नाही."
पूर्वी यंत्राची घरघर खिडकीशी येऊन निजायची.
आता भिंतीतला नळ आवंढा गिळतो, तेही ऐकू येतं.
म्हणून कुणीतरी वाचत असलेलं बरं.
काय ऐकता?
"काय की. परवा मधमाश्या होत्या. त्याआधी कुणाचा तरी घटस्फोट."
चौदा दिवसांनी पुस्तक आपलं आपण परत जातं,
पुढचं बहुतेक वेळा तो न बघताच घेतो.

बायकोने मोबाइलवर सगळं लावून दिलं होतं.
बायको कुठे, ते मी विचारलं नाही.
टेबलाच्या खणात शेवटच्या रिळातला कागद अंथरलेला,
त्याच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीने: दूध, बटाटे, बल्ब.

जाताना ग्रंथालयात डोकावले.
उल्ला-माइया म्हणाली, "दंड होता तेव्हा बरं होतं.
पुस्तक थकलं की आम्ही फोन करायचो,
मग कळायचं कोण आजारी आहे."

रविवारी दोन आलेख छापले, पेन्टीला हवे तसे.
तिसरा मी खाली घुसवला, दोन बोटं रुंद, मथळ्याविना,
आडवे फक्त चोवीस तास
आणि मधोमध नाही, डावीकडे, ते टेकाड.

सोमवारी उल्ला-माइयाचा फोन.
सकाळी एक बाई आली होती, घरातल्या चपलांवर,
काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र.
पुस्तक नको म्हणाली.
काउंटरवर पान पसरलं, टेकाडावर बोट ठेवलं,
आणि बराच वेळ ते तिथंच राहिलं.
मग विचारलं,
"आम्ही एवढे आहोत?"